अक्षरांची मांडणी : स्वप्रयत्नाने शिकता येणारी विद्या

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



दर वर्षी या व्यासपीठावरून डॉक्टरकी, इंजिनिअरिंग, डी.एड., बी.एड. आणि सरकारी नोकरी यांविषयी आपण ऐकतो. ते ऐकलेच पाहिजे. परंतु आज मी अशा एका विद्येविषयी बोलणार आहे, जिच्याकडे आपली कितीतरी मुले कोणी न सांगताच वळली आहेत. हातातल्या मोबाइलवर ईदच्या शुभेच्छांचे पत्रक तयार करणारा मुलगा, मोठ्या बहिणीच्या निकाहाचा दावतनामा रचणारी मुलगी, चुलत्याच्या दुकानाची पाटी कशी असावी हे वहीच्या शेवटच्या पानावर रेखाटणारा विद्यार्थी, हे सारे आपापल्या परीने ग्राफिक डिझाइनच करीत असतात. त्याला मराठीत कोणी उपयोजित कला म्हणतात. मी साध्या शब्दांत म्हणतो, अक्षर आणि चित्र यांची हेतुपूर्वक केलेली मांडणी.

याविषयी पालकांची दोन मते माझ्या कानांवर येतात. एक मत असे : "मोबाइलवर चित्रे काढून कुणाचे पोट भरले आहे? अभ्यास बुडतो, बस्स." दुसरे मत त्याच्या उलट : "पोराला यात गोडी आहे ना? मग दहावी झाली की बसवा फ्लेक्सच्या दुकानात. चार पैसे तरी घरात येतील." आपल्या जिल्ह्यात पाऊस बेभरवशाचा आणि हाताला काम थोडे. तेव्हा दुसरे मत मांडणाऱ्या बापाला मी दोष देणार नाही. परंतु माझ्या मते ही दोन्ही मते मुलाचे नुकसान करतात. पहिल्याने त्याची आवड मारली जाते आणि दुसऱ्याने त्याची वाढ खुंटते. या दोहोंमधून एक तिसरी वाट आहे. ती आपणांसमोर ठेवावी, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रथम ही विद्या काय आहे ते पाहू. आपल्या खिशातली दहाची नवी नोट काढून पाहा. तिच्यावर रुपयाचे चिन्ह आहे. भारत सरकारने ते १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. ते चिन्ह तयार करणारे डी. उदय कुमार त्या वेळी मुंबईच्या आय.आय.टी.त संशोधन करीत होते. देवनागरी 'र' घेतला आणि शिरोरेषेखाली तिला समांतर अशी आणखी एक आडवी रेघ दिली. उभी काठी काढून टाकलेल्या रोमन 'आर'चाही भास त्यात ठेवला. पाहताक्षणी कळते, लहान आकारातही वाचता येते आणि हाताने झटकन लिहिता येते. मित्रहो, यात सजावट कोठे आहे? विचार मात्र पुष्कळ आहे. नको ते काढून टाकणे आणि हवे ते ठळक करणे, हेच या विद्येचे मर्म आहे.

ही विद्या आपल्या समाजाला परकी आहे असे कोणी समजू नये. छापखाना येण्यापूर्वी आणि नंतरही उर्दू मजकूर सुबक हाताने लिहिणारे कातिब होते. उर्दूची नस्तालीक लिपी उजवीकडून डावीकडे उतरत जाते. एकच अक्षर जागेप्रमाणे रूप बदलते. त्यामुळे तिचे खिळे पाडणे फार अवघड होते. म्हणून उर्दू वर्तमानपत्रे दीर्घकाळ हाताने लिहून मग छापली जात. मद्रासेत १९२७ साली निघालेले 'दि मुसलमान' हे दैनिक तर संगणक आल्यानंतरही कित्येक वर्षे कातिबांच्या लेखणीतूनच निघत राहिले. पुढे १९९४ च्या सुमारास दिल्लीच्या एका कंपनीने 'इनपेज' नावाचे उर्दू मांडणीचे सॉफ्टवेअर आणले आणि बहुतेक ठिकाणी कातिबाची बैठक उठली.

हेच आपल्या तालुक्यांतील पेंटर मंडळींचे झाले. एके काळी दुकानाची पाटी, ट्रकच्या मागचा मजकूर, निवडणुकीच्या भिंती, सारे काही ब्रशने रंगविले जाई. फ्लेक्स आला आणि दोन दिवसांचे काम दोन तासांत होऊ लागले. ज्याला केवळ ब्रश चालविता येत होता, त्याचे काम गेले. परंतु दोन अक्षरांत अंतर किती ठेवावे, कोणता शब्द मोठा काढावा आणि लांबून काय वाचता येते, हे ज्याच्या नजरेत मुरले होते, त्याची ती जाण यंत्राला हिरावून घेता आली नाही. ती संगणकावरही तितकीच उपयोगी पडते. यातून शिकावयाची गोष्ट ही, की हत्यार बदलते पण नजर टिकते. आज यंत्राला एक वाक्य सांगितले की तयार चित्र हाती येते. उद्या आणखी काही येईल. म्हणून मुलाने हत्यारही शिकावे, परंतु नजर आधी कमवावी.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. कलाशाळेत न जाता, स्वतःच्या प्रयत्नाने हे शिकता येते काय? आपल्या महाराष्ट्रातील तीन उदाहरणे मी देतो.

पहिले जावजी दादाजी चौधरी यांचे. मुंबईत १८३९ साली गरीब घरात जन्म. शालेय शिक्षण जेमतेम. लहानपणीच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपयांवर टाईप घासण्याच्या कामाला लागले. खिळे घासता घासता अक्षराचे वळण त्यांच्या डोळ्यांत भरले. पुढे इतर छापखान्यांत काम करून त्यांनी १८६४ साली स्वतःचा टाईप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरचे देवनागरी टाईप पुढे देशभर नावाजले गेले.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या पंढरपूरचे. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ साली तेथे झाला. आई लहानपणीच गेली, बालपण इंदूरला गेले. कूफी अक्षरलेखनाचा सराव त्यांनी मुलगेपणीच केला होता. तरुणपणी ते मुंबईस आले आणि सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवू लागले. मजुरी चौरस फुटावर, काही आणे. पुढे मुलांचे फर्निचर आणि खेळणी यांची आरेखने करून त्यांनी संसार चालविला. त्यांच्या पुढील कीर्तीविषयी आणि वादांविषयीही आपण ऐकले असेल. मला आज सांगावयाचे आहे ते त्या फलकांविषयी. वीस-तीस फुटांचा चेहरा शिडीवर उभे राहून रंगवावयाचा आणि तो रस्त्यापलीकडून बरोबर दिसला पाहिजे, हे शिक्षण त्यांना त्या मजुरीतून मिळाले.

तिसरे उदाहरण कमल शेडगे यांचे (१९३५–२०२०). कलामहाविद्यालयाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या कलाविभागात नोकरी करीत त्यांनी अक्षरांचा व्यासंग केला. मराठी नाटकांच्या जाहिरातींतील त्यांची शीर्षके अशी, की नाटक ऐतिहासिक आहे की विनोदी हे अक्षर पाहूनच समजावे. 'माझी अक्षरगाथा' या पुस्तकात त्यांनी आपली वाटचाल मांडली आहे.

या तिघांत एक गोष्ट समान आहे, तिच्याकडे आपले लक्ष वेधतो. तिघेही स्वयंशिक्षित म्हणावेत असे, परंतु एकटे कोणीच शिकले नाही. एकाला छापखाना होता, दुसऱ्याला फलकांचा कारखाना, तिसऱ्याला वर्तमानपत्राचा कलाविभाग. तेथे जाणती माणसे होती, ठरलेली मुदत होती आणि "हे चालणार नाही, पुन्हा काढ" असे सांगणारा कोणी तरी होता. स्वयंशिक्षण म्हणजे उस्तादावाचून शिक्षण असे नव्हे. आपला उस्ताद, आपले वेळापत्रक आणि आपली परीक्षा स्वतः शोधून काढणे, याचे नाव स्वयंशिक्षण. मोबाइलवर शेकडो धडे पाहणारा मुलगा यामुळेच पुष्कळदा मागे राहतो. धडे त्याला मिळतात, पण चूक दाखविणारा मिळत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याशी बोलतो. प्रारंभ कसा करावा याचा एक क्रम सांगतो. त्यासाठी पहिले तीन महिने संगणक लागत नाही.

आलेखाची वही, पेन्सिल आणि पट्टी घ्या. रोज एक शब्द मोठ्या आकारात काढा, स्वतःचे नाव, गावाचे नाव, काहीही. देवनागरीला वर शिरोरेषा आहे. तिच्या वर मात्रा, वेलांटी आणि रफार येतात, खाली उकार आणि पायमोडकी अक्षरे येतात. म्हणून इंग्रजीपेक्षा मराठी ओळींमध्ये अंतर अधिक ठेवावे लागते. ते न ठेवल्यास वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. तसेच इंग्रजी अक्षरे फाकवतात तशी मराठी अक्षरे फाकविली, तर शिरोरेषा तुटते आणि शब्द मोडक्या कुंपणासारखा दिसतो. आपल्या बाजारातील फलक एकदा या नजरेने पाहा. दोष कोठे आहे ते तुमचे तुम्हांलाच दिसू लागेल.

जुनी अक्षरेही पाहा. नळदुर्गच्या किल्ल्यातील पाणीमहाल दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली बांधला गेला. तेथे फारसी शिलालेख आहे. परंड्याच्या किल्ल्यातील तोफांवर कोरलेली अक्षरे आहेत. ठरावीक जागेत मजकूर नेमका कसा बसवावा, हा प्रश्न त्या कारागिरांपुढेही होता. तेरच्या संग्रहालयातील प्राचीन मृण्मूर्ती आणि मणी पाहा. सहलीला गेल्यावर स्वतःचे छायाचित्र काढून झाले, की वहीत एक नक्षी उतरवून आणा.

त्यानंतर मांडणीचे चार नियम शिका. पहिला, एका कागदावर एकच गोष्ट सर्वांत मोठी असावी. दावतनाम्यात नवरा-नवरीची नावे, सभेच्या पत्रकात विषय, दुकानाच्या पाटीवर माल. सगळेच मोठे केले तर काहीच मोठे राहत नाही. दुसरा, ओळी कोठल्या तरी एका रेषेशी बांधलेल्या असाव्यात, मग ती डावी कड असो की मध्य. तिसरा, एकत्र वाचावयाचा मजकूर जवळ ठेवावा. तारीख एका कोपऱ्यात आणि वेळ दुसऱ्या कोपऱ्यात असे नको. चौथा, मोकळी जागा ही वाया गेलेली जागा नव्हे. घरात जशी दारापुढची जागा, तशी कागदावरची मोकळी जागा.

आपल्याकडील दावतनामा उर्दू आणि मराठी अशा दोन भाषांत असतो. हा तर उत्तम अभ्यास आहे. एक लिपी उजवीकडून सुरू होते, दुसरी डावीकडून. दोन्ही एकाच कडेला लावल्या की एकीची अडचण होते. मध्यरेषेवर तोलाव्यात, किंवा उर्दूला उजवी कड आणि मराठीला डावी कड द्यावी. घडीचे पत्र असेल तर ते कोणत्या बाजूने उघडणार हे आधी ठरवावे लागते. मोठ्या शहरातल्या शिकलेल्या कलाकारालाही ही गोष्ट पुष्कळदा ठाऊक नसते. तुम्हांला दोन्ही लिपी वाचता येतात, हे तुमचे भांडवल आहे. त्याची किंमत ओळखा.

चौथ्या महिन्यापासून संगणकाकडे वळा. घरी नसेल तर शाळेत आहे. चोरून घेतलेले महागडे सॉफ्टवेअर वापरू नका. ती चोरीच आहे, आणि तिच्याबरोबर संगणकात रोगही येतात. रेषा आणि अक्षरांच्या कामासाठी 'इंकस्केप', छायाचित्रांसाठी 'गिम्प' आणि पुस्तकाच्या पानांसाठी 'स्क्रायबस' ही सॉफ्टवेअर विनामूल्य आणि राजरोस मिळतात. मराठीसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बलू' हे फाँट, आणि उर्दूसाठी 'नोटो नस्तालीक' हेही मोफत आहेत. विंडोजमधला 'मंगल' हा फाँट रचणारे र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे आपल्या महाराष्ट्राचेच होते, हेही लक्षात असू द्या.

टंकलेखन युनिकोडमध्येच शिका. जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागी बसविलेले असे. त्यामुळे दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला की मजकुराची खिचडी होई. युनिकोडने देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा दिल्या आहेत, म्हणून मजकूर कोठेही नेला तरी मराठीच राहतो.

छपाईची काही मापे तोंडपाठ करा. ए-फोर कागद २१० मिलिमीटर बाय २९७ मिलिमीटर. तो मधोमध दुमडला की ए-फाइव्ह होतो आणि लांबी-रुंदीचे प्रमाण तेच राहते, कारण ते प्रमाण एकास दोनाचे वर्गमूळ असे आहे. गणिताच्या तासाला वर्गमूळ कशाला, असे विचारणाऱ्यांनी याचा विचार करावा. हातात धरून पाहावयाचे छायाचित्र छापावयाचे तर दर इंचास ३०० ठिपके असावेत. पडद्यावरचे रंग प्रकाशाचे असतात, लाल, हिरवा आणि निळा. छपाईचे रंग शाईचे असतात, निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा. म्हणून पडद्यावर झगमगणारा हिरवा कागदावर मंद दिसतो. कडेपर्यंत रंग हवा असेल तर चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जादा रंग सोडावा, म्हणजे कागद कापताना पांढरी किनार राहत नाही.

सहा महिन्यांनी एक खरे काम घ्या. भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या आहेत. समजा, एखाद्या खवा-पेढेवाल्याच्या डब्याचे लेबल करावयाचे आहे. त्यावर मालाचे नाव आणि नक्षी एवढ्याने भागत नाही. वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकेल, घटक, उत्पादकाचा पत्ता, अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आणि शाकाहारी पदार्थाची हिरव्या चौकोनातील हिरवी खूण, एवढे सारे लहानशा जागेत वाचता येईल असे बसवावे लागते. एक आकडा चुकला तर सारी छपाई रद्दीत जाते. असे काम ज्याने तीनदा तपासून, दुसऱ्याकडून एकदा वाचून घेऊन वेळेवर दिले, त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते. शुद्धलेखन ही मराठीच्या शिक्षकाची कटकट नव्हे, ती या धंद्याची पत आहे.

आता पालकांनो, आपणांस चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, या आवडीसाठी शाळा सोडवू नका. फ्लेक्सच्या दुकानात सोळाव्या वर्षी बसलेला मुलगा दोन महिन्यांत यंत्र चालवू लागतो, हे खरे. परंतु यंत्र चालविणारा आणि मांडणी करणारा यांत फरक आहे. पहिल्याचा मोबदला चौरस फुटाच्या भावात अडकतो, दुसऱ्याचा विचाराचा असतो. शिवाय पुढची दारे बारावीशिवाय उघडत नाहीत. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात, मुंबईच्या जे.जे. मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत किंवा आय.आय.टी.च्या डिझाइन अभ्यासक्रमात प्रवेश-परीक्षा असते आणि बारावी उत्तीर्ण असावे लागते. ज्याला तेवढे लांब जाणे परवडत नाही, त्याच्यासाठी काही औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत दहावीनंतर डी.टी.पी.चा अभ्यासक्रम आहे. सुटीत दुकानात बसू द्या, अवश्य बसू द्या. तोच त्याचा कारखाना होय. पण शाळा सुरू झाली की वर्गात पाठवा.

दुसरी गोष्ट, कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना मुलांना बसवा. शुल्क थोडे, आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुणही मिळतात. मुलाचा हात कसा आहे हे त्रयस्थ परीक्षकाकडून कळते, हा त्याहून मोठा लाभ.

तिसरी गोष्ट मुलींविषयी. मेहंदीच्या कोनाने तळहाताएवढ्या जागेत, मागे न पुसता, दोन्ही हातांवर सारखी नक्षी काढणारी मुलगी आरेखनाचा अर्धा अभ्यास घरीच करून चुकलेली असते. तिच्या हाताला आपण केवळ शोभा समजतो. हे काम घरी बसून करता येते, आणि पैसे बँकेच्या खात्यात जमा होतात. भावाला जो संगणक मिळतो, त्यावर तिचाही ठरलेला वेळ असावा.

चौथी गोष्ट, "पंधरा दिवसांत डिझाइनर व्हा, नोकरीची हमी" अशा जाहिरातींना भुलून फी भरू नका. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही आपल्या मराठीतली म्हण या बाबतीत तंतोतंत खरी आहे. पैसे भरावयाचेच असतील तर आधी विचारा, की शिकविणारा मुलाचे काम आठवड्यातून किती वेळा तपासणार? उत्तर मिळाले नाही, तर ते पैसे आलेखाच्या वह्यांना आणि टंकलेखनाच्या वर्गाला लावा.

शेवटी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती करून थांबतो. आपल्या शाळेची संगणकखोली रविवारी बंद असते. दर रविवारी सकाळी दोन तास ती उघडावी. एक शिक्षक मी स्वतः उपस्थित राहीन. आठवीपासून पुढची मुले-मुली येतील, तालुक्यातील एखाद्या जुन्या पेंटरला आणि एखाद्या छापखानेवाल्याला महिन्यातून एकदा पाहुणे म्हणून बोलावू. ते मुलांचे काम पाहतील आणि "हे चालणार नाही, पुन्हा काढ" असे प्रेमाने सांगतील. आरंभी कामही घरचेच असू द्या. शाळेची प्रवेशपत्रके, क्रीडामहोत्सवाची प्रमाणपत्रे, पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेची जाहिरातींची पाने आपण बाहेरून करून घेतो, ती या मुलांकडून करून घेऊ, आणि ठरलेला मोबदला त्यांच्या वह्या-पुस्तकांसाठी देऊ.

याने सगळी मुले कलावंत होतील असे मी म्हणत नाही. दहांतले दोघे या धंद्यात टिकले, तरी दोन घरे उभी राहतील. उरलेल्या आठांना नेटके लिहिणे, मोजून मांडणे आणि केलेले काम पुन्हा तपासणे ही सवय लागेल. ती सवय डॉक्टरलाही लागते, दुकानदारालाही लागते आणि शिक्षकालाही.